बिऱ्हाड, चाक आणि पत्ता

'घर' आणि 'बिऱ्हाड' हे दोन शब्द बोलण्याच्या ओघात आपण एकमेकांच्या जागी वापरतो खरे. पण त्यांच्यात एक मूलभूत भेद आहे. घर बांधावे लागते, बिऱ्हाड करावे लागते. घर जमिनीला धरून असते, बिऱ्हाड माणसांना धरून. घर विकता येते. बिऱ्हाड फार तर हलवता येते. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असे लोक म्हणतात, विंचवाचे घर पाठीवर असे कुणी म्हणत नाही. हा शब्द कानडीतल्या 'बिडार'शी जोडला जातो. महानुभावांच्या लीळाचरित्रात तो 'बीढार' या रूपाने मुक्कामाच्या जागेसाठी येतो. पुढे भालचंद्र नेमाडे यांनी ज्या कादंबरीचतुष्टयाचा नायक गावोगावच्या महाविद्यालयांत मास्तरकी करीत हिंडतो, त्याच्या १९७५ साली आलेल्या पहिल्या खंडाला 'बिढार' हेच नाव दिले. मराठीच्या प्राध्यापकाला हा शब्द शिकवावा लागतो आणि बहुधा जगावाही लागतो.

आम्ही दोघे गेली काही वर्षे वारणानगरच्या परिसरात राहतो. दोघांचाही विषय मराठी, दोघेही चाळिशी ओलांडलेले, आणि दोघांच्याही नेमणुका तासिका तत्त्वावरच्या. म्हणजे शैक्षणिक वर्ष सुरू झाले की मुलाखत, संपले की निरोप. लग्नाला सतरा वर्षे झाली. या काळात आठ भाड्याची घरे झाली, आणि प्रत्येक वेळी पुस्तकांची खोकी एकाने वाढली. पगारपत्रक नसल्यामुळे बँका गृहकर्जाच्या अर्जावर फारसा विचार करीत नाहीत. गेल्या मे महिन्यात घरमालकांनी त्यांच्या मुलाच्या लग्नासाठी जागा मोकळी करून मागितली, आणि ती मागणी रास्तच होती. तेव्हा आमच्यात एक प्रश्न पहिल्यांदा गांभीर्याने निघाला : जर दर दोन वर्षांनी हलायचेच आहे, तर हलणारेच घर का घेऊ नये? एखादी जुनी तेरा आसनी गाडी घ्यावी, आतली आसने काढावीत, झोपायची फळी, शेगडी, पाण्याची टाकी आणि पुस्तकांचे कप्पे बसवावेत, आणि कायमचे तिच्यातच राहावे. कोल्हापुरातल्या एका बॉडी बांधणाऱ्या कारागिराने गाडीसकट नऊ लाखांच्या घरात अंदाज दिला. आमच्यासाठी ही रक्कम म्हणजे जवळजवळ सगळी शिल्लक. त्यामुळे प्रश्न छंदाचा राहिला नाही. निवड करायची तर कशाच्या आधारावर करायची, हे शोधणे भाग होते. पुढील मजकूर हा त्या शोधाचा वृत्तान्त आहे.

आपल्याकडे असे कायमच्या वास्तव्याचे फिरते घर घेणारी माणसे थोडी. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कारवाँ पर्यटनाचे धोरण आणले. पण त्याचा रोख, नावाप्रमाणेच, पर्यटनावर आहे. चार दिवस जाऊन परत येणाऱ्याला जे लागते आणि परत यायला जागाच न ठेवणाऱ्याला जे लागते, त्यांत पुष्कळ अंतर आहे. शिवाय नोंदणी झालेल्या गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करायचा तर मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आडवे येते. परवानगीवाचून केलेला बदल महागात पडू शकतो. या विषयावरचे विस्तृत लेखन सापडते ते अमेरिकेत. तेथे १९३० च्या दशकात वॉली बायम याने 'एअरस्ट्रीम' ही ॲल्युमिनियमची, गोलसर पाठीची, मोटारीमागे जोडून ओढायची खोली बाजारात आणली. १९३६ चे तिचे 'क्लिपर' हे प्रारूप आजही त्या लोकांच्या आठवणीत आहे. तेव्हापासून ट्रेलर कसा निवडावा यावर तिथे एक शास्त्रच उभे राहिले. ते वाचताना आम्हांला जाणवले, की त्यातला एकेक प्रश्न आमच्या खिडकीबाहेर, दर वर्षी दिवाळीच्या आगेमागे, निराळ्या भाषेत विचारला जात असतो.

वारणानगर हे साखर कारखान्याभोवती वाढलेले गाव आहे. तात्यासाहेब कोरे यांच्या पुढाकाराने १९५० च्या दशकात येथे सहकारी कारखाना उभा राहिला, आणि माळावर हळूहळू दूधसंघ, बाजार, शाळा, महाविद्यालये असे सगळे आले. कारखाना म्हटला की हंगाम आला, आणि हंगाम आला की तोडकरी आले. बीड, अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर), जालना, धाराशिव, सोलापूर, सांगलीतले जत अशा कोरड्या पट्ट्यांतून लाखो माणसे राज्याच्या ऊसपट्ट्यात येतात. कोल्हापूर जिल्हा हा त्यांचा एक मोठा मुक्काम. बीडहून इथपर्यंतचे अंतर तीनशेहून अधिक किलोमीटर. ट्रॅक्टरला जोडलेल्या दोन ट्रॉल्यांत पाच-सहा महिन्यांचा संसार रचलेला असतो आणि त्याच्यावर माणसे बसलेली असतात. ओढल्या जाणाऱ्या गाडीत संसार घालून कामामागे जाणे, ही जर ट्रेलरमधल्या जगण्याची व्याख्या असेल, तर ती महाराष्ट्रात कित्येक दशके चालू आहे. फक्त तिच्यावर माहितीपुस्तिका कुणी काढलेली नाही.

हा केवळ आमचा कल्पनाविलास नव्हे. जेसिका ब्रुडर या पत्रकर्तीचे 'नोमॅडलँड' हे पुस्तक २०१७ मध्ये आले आणि त्यावर क्लोई झाओ यांनी केलेल्या चित्रपटाला २०२१ मध्ये ऑस्कर मिळाले. २००८ च्या मंदीत घरे आणि शिल्लक गमावलेली, साठीच्या पुढची माणसे तिथे व्हॅनमध्ये आणि ट्रेलरमध्ये राहू लागली आणि हंगामी कामांच्या मागे फिरू लागली. त्या कामांतले एक कोणते? उत्तरेकडच्या राज्यांतली साखरबीटची काढणी. आमच्या वाचकांतल्या तुलनाकारांनी या गोष्टीकडे लक्ष द्यावे असे सुचवावेसे वाटते. जगाच्या दोन टोकांना साखरेच्या हंगामासाठी माणसे चाकांवर संसार मांडून जातात. एकीकडे म्हातारपण जाते, दुसरीकडे तारुण्य. साखर दोन्हीकडची सारखीच गोड.

आता निवडीच्या प्रश्नांकडे वळू. पहिला प्रश्न भाराचा.

ट्रेलर निवडताना पाहायचे ते आतल्या पलंगाची लांबी नव्हे, तर आपली मोटार किती ओढू शकते. रिकाम्या ट्रेलरचे वजन एक असते. पाणी, भांडी, कपडे, पुस्तके भरली की ते दुसरेच होते. शिवाय भार कुठे आहे हेही महत्त्वाचे. भरलेल्या ट्रेलरच्या वजनाचा साधारण दहा ते पंधरा टक्के भाग जोडाच्या आकड्यावर पडला पाहिजे, असा ठोकताळा आहे. त्याहून कमी पडला, म्हणजे मागे जड झाले, तर वेगात ट्रेलर डावीउजवीकडे हेलकावू लागतो आणि ओढणाऱ्या मोटारीलाही आपल्याबरोबर नेतो. हे वाचल्यावर आम्हांला आपल्या भाषेतला एक शब्द आठवला : उलाळ. मागे भार जास्त झाला की बैलगाडीच्या दांड्या वर उचलल्या जातात, जू बैलांच्या मानेवरून उठून गळ्याला फास बसू लागतो. ती गाडी उलाळ झाली म्हणतात. पुढे भार जास्त झाला तर खांदा सोलवटतो. ज्ञान एकच आहे. एक आकड्यांत सांगितलेले, एक बैलाच्या मानेने.

कारखान्याच्या परिसरात कोप्यांच्या ओळी उभ्या राहतात, त्यांत गेली चार वर्षे येणारे एक जोडपे आमच्या ओळखीचे आहे. आम्ही त्यांना मामा-मावशी म्हणतो. हंगामाला निघताना गाडीत काय घ्यायचे हे कसे ठरवता, असे विचारल्यावर मामा म्हणाले, "सर, गाडी बघून भरायची नसती. बैल बघून भरायची. गाडीला काय, किती बी घाला, ती नाही म्हनत नाही." मावशींनी लगेच भर घातली, "आन् बैल बघूनबी नाही भागत, बाई. बैलाला वजन कळतंय, पर काय मागं ऱ्हायलं ते मलाच कळतंय."

मावशींचे मागे काय राहिले, तर सासूबाई आणि थोरला नातू. गाडीत काय आले याची यादी त्यांनी बोटांवर मोजून सांगितली : बाजरी-ज्वारीची पोती, पीठ, तिखट, तवा, परात, हंडा, कळशी, चार गोधड्या, ताडपत्री, एक पत्र्याची पेटी, डालग्याखाली पाच कोंबड्या, एक शेळी, दोन कोयते, कानस, आणि सौर दिवा. चुलीचे तीन दगड मात्र आणत नाहीत. ते जिथे जावे तिथे मिळतात. आमच्या यादीत पुस्तकांची एकतीस खोकी होती. पुस्तकांचे वजन किती भरते हे शिक्षकांना सहसा ठाऊक नसते. आम्ही वजनकाट्यावर एक खोके ठेवून पाहिले, ते अठरा किलो भरले. सगळी मिळून साडेपाचशे किलोंच्या पुढे. तेरा आसनी गाडीतली सात-आठ माणसे उतरवून तितक्याच वजनाचे मराठी साहित्य बसवायचे, असा हिशेब झाला. टाक्या, शेगडी, फळ्या अजून बाकीच होत्या.

दुसरा प्रश्न पाण्याचा. चांगल्या ट्रेलरमध्ये तीन टाक्या असतात : स्वच्छ पाण्याची, सांडपाण्याची आणि मैल्याची. या तीन टाक्यांवरच कायमचे राहणे शक्य होते की नाही हे ठरते, असे अनुभवी लोक सांगतात. कारण बिछान्याविना माणूस महिना काढील, शौचालयाविना काढू शकत नाही. कोपीला यांतली एकही टाकी नसते. बांबूच्या कामट्या कमानीसारख्या वाकवून, वर चटया किंवा पाचट आणि त्यावर ताडपत्री घालून केलेला तो निवारा. ओणवे होऊन आत शिरायचे. पाणी आणायचे ते बाईने, आणि पहाटेच्या अंधारात आडोसा शोधायचा तोही बाईने. ऊस तोडून बारा-चौदा तास झाले की पुन्हा रात्री गाडी भरायला उठायचे, कारण तोडलेल्या उसाचे वजन आणि उतारा दर तासाला घटतो. ऊस थांबत नाही, म्हणून बाईलाही थांबता येत नाही.

या न थांबण्याची किंमत आकड्यांत मांडली गेली आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चर्चा २०१९ मध्ये विधिमंडळापर्यंत गेली, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्या वेळच्या सर्वेक्षणात पाहिलेल्या ८२ हजारांहून अधिक स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. पाळीच्या दिवसांत खाडा झाला तर मुकादमाकडून घेतलेली उचल अंगावर राहते, दुखणे अंगावर काढले तर ते वाढते, आणि मग 'पिशवी काढून टाकली' की सगळे संपेल असा सल्ला मिळतो. आम्हां दोघांपैकी जी बाई आहे तिने हा अहवालाचा तपशील वाचून एवढेच म्हटले, की फिरत्या घराच्या नकाशात शौचालय कुठे आहे हे आधी पाहू, पुस्तकांचे कप्पे नंतर. आमच्या कारागिराने दिलेल्या पहिल्या आराखड्यात ते नव्हतेच. "वाटेत पेट्रोल पंप असतात की, सर," असे त्याचे म्हणणे होते. ते त्याने 'सर'ना उद्देशून म्हटले होते, हेही इथे नोंदवायला हवे.

तिसरा प्रश्न थांब्याचा. गाडी चालते तेव्हा तिच्यात कुणी राहत नाही. राहणे होते ते ती थांबलेली असताना. म्हणून फिरत्या घराची खरी निवड ही थांबण्याच्या जागेची निवड असते. ऊसतोडीत ही निवड दोन प्रकारांनी होते. ज्यांची स्वतःची बैलजोडी आहे ते गाडी सेंटरला जातात. कारखान्याकडून टायरची गाडी भाड्याने मिळते, कोपी कारखान्याजवळ एकाच ठिकाणी हंगामभर राहते, आणि रोज फडावर जाऊन तोडलेला ऊस गाडीत घालून आणायचा. तोडणीबरोबर वाहतुकीचेही पैसे मिळतात. ज्यांच्याकडे बैल नाहीत ते ट्रॅक्टरच्या टोळीला जातात. ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढवायच्या. आणि शिवार बदलले की कोपी मोडून पुढच्या गावी नेऊन उभारायची. पहिल्या प्रकारात बैलांचा खर्च आणि जोखीम आहे, पण जागा स्थिर. दुसऱ्यात जनावराची काळजी नाही, पण जागेची शाश्वती नाही. अलीकडे बैलांच्या जागी छोट्या ट्रॅक्टरने टायरगाड्या ओढल्या जाऊ लागल्या आहेत, आणि काही फडांत तोडणीयंत्रेही आली आहेत.

मामा-मावशींनी बैल का ठेवले आहेत, याचे उत्तर आम्हांला उत्पन्नात सापडेल असे वाटले होते. त्यांनी ते शाळेत असल्याचे सांगितले. कोपी एका जागी असली की बरोबर आणलेली धाकटी नात पाच महिने एकाच शाळेत जाऊन बसते. टोळीबरोबर हिंडणारे मूल तेवढ्याच काळात तीन गावे बदलते. स्थलांतरित मुलांसाठी १९९० च्या दशकापासून साखरशाळांचे प्रयोग झाले, गावातच मूल मागे राहावे म्हणून हंगामी वसतिगृहे निघाली, २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने जवळच्या शाळेत प्रवेशाचा हक्क दिला. पण हक्क बजावायला मूल एका जागी काही काळ दिसावे तरी लागते. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मान्य झाली, टनाला २७३ रुपयांवरून ३६६ रुपयांपर्यंत दर गेला, तेव्हा मामांनी वाढीव पैशांत काय केले? बैलांना दोन झुली घेतल्या. बैल टिकले तर जागा टिकेल, जागा टिकली तर शाळा टिकेल, असा त्यांचा सरळ हिशेब.

आमच्या गाडीला थांबा कुठे, हा प्रश्न आम्ही कागदावर मांडून पाहिला. महाविद्यालयाच्या आवारात रात्री वाहन ठेवता येत नाही. देवस्थानच्या वाहनतळावर दोन रात्री चालतात, तिसऱ्या रात्री चौकशी होते. एका परिचित शेतकऱ्याने मळ्यात जागा देऊ केली. पण पावसाळ्यात काळ्या रानात सहा टायर रुतले तर काढायला त्याचाच ट्रॅक्टर लागेल हे त्यानेच हसत सांगितले. राजस्थानातून आलेल्या गाडी लोहारांची आठवण इथे होते. चितोड पडल्यानंतर घरात न राहण्याची शपथ त्यांच्या पूर्वजांनी घेतली अशी त्यांची परंपरा सांगते. १९५५ च्या एप्रिलमध्ये पंडित नेहरू त्यांना समारंभाने चितोडच्या किल्ल्यात घेऊन गेले आणि शपथ फिटल्याचे जाहीर झाले. तरीही रस्त्याच्या कडेला भाता फुंकणारी त्यांची कुटुंबे आपण अजून पाहतो. शपथ फिटली तरी उतरायला जमीन लागते.

चौथा प्रश्न पत्त्याचा. आणि आमचा निर्णय त्यानेच केला.

गेल्या हंगामात मामांच्या शेजारच्या कोपीत एक मुलगी होती. बीड जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला, विषय मराठी. आई आजारी पडल्यामुळे 'कोयता' मोडला होता. ऊसतोडीत नवराबायकोच्या जोडीला कोयता म्हणतात आणि एकट्या माणसाला अर्धा कोयता. वडिलांचा अर्धा कोयता पुरा करायला ती आली होती. मामांनी आमचे नाव सांगितल्यावर एका रविवारी ती पुस्तके मागायला आली. बसली नाही, दारातच उभी राहिली. नेमलेल्या पुस्तकांपैकी दोन आमच्याकडे होती, ती दिली. जाताना म्हणाली, "मॅडम, एक विचारू का? परीक्षेचा फॉर्म दुरुस्तीला आलाय. कॉलेजमधून कागद पाठवायचेत म्हणतात. गावाकडं घराला कुलूप आहे, आणि इथं कोपीला नंबर नाही. तुमचा पत्ता दिला तर चालंल का?"

आम्ही हो म्हटले. कागद आमच्या नावे, तिच्या नावाचा उल्लेख करून, दहा दिवसांनी आले; तिने परीक्षा दिली. प्रसंग एवढाच. पण त्याच आठवड्यात कारागिराला आगाऊ रक्कम द्यायची होती, आणि अर्जावर 'कायमचा पत्ता' असा रकाना होता. मे महिन्यानंतर तिथे काय लिहायचे?

पत्ता ही गोष्ट टपालापुरती नाही. शिधापत्रिका, मतदारयादी, मुलाखतीचे पत्र, बँकेचे खाते, आजारपणात सरकारी योजनेचा लाभ, हे सगळे पत्त्याला बांधलेले आहे. शिधापत्रिका आता २०१९ पासून टप्प्याटप्प्याने कुठेही चालू लागली, हे चांगलेच झाले. पण ती मिळते पत्त्यावरच. अमेरिकेतले कायमचे ट्रेलरवासीही यातून सुटलेले नाहीत. त्यांच्यातले पुष्कळजण साऊथ डाकोटासारख्या राज्यात एका रात्रीच्या मुक्कामाची पावती दाखवून रहिवासी होतात आणि टपाल पुढे पाठवणाऱ्या संस्थेची पेटी हाच आपला पत्ता म्हणून देतात. म्हणजे कायमचे हिंडणाऱ्यालाही एक न हलणारी पेटी लागते. आणि जिथे अशी पेटी नसते तिथे काय होते, हे आपल्या इतिहासात नोंदलेले आहे. १८७१ च्या कायद्याने हिंडणाऱ्या जमातींच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या. तो कलंक कागदोपत्री पुसला गेला ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. राजर्षी शाहूंनी कोल्हापूर संस्थानात हजेरीची पद्धत बंद केली, तिचे मोल आम्ही वर्गात अनेकदा सांगितले आहे. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' १९८० साली आले तेव्हा गाढवाच्या पाठीवरचे बिऱ्हाड मराठी वाचकाने पुस्तकात पहिल्यांदा पाहिले. त्या बिऱ्हाडाला गावाबाहेर उतरावे लागे, ते हौसेने नव्हे. ज्याच्याकडे परतायला पत्ता आहे त्याचे हिंडणे हा प्रवास असतो. ज्याच्याकडे नाही त्याला ठाण्यावर बोलावले जाते.

या संदर्भात महानुभावांची 'स्थानपोथी' आम्हांला नव्याने वाचावीशी वाटली. चक्रधर सतत फिरत होते. त्यांच्या मागे अनुयायांनी काय केले, तर ते कुठे थांबले, कुठल्या देवळाच्या कुठल्या बाजूला बसले, याची बारकाईने नोंद करून ठेवली. ज्याने स्वतःचा पत्ता ठेवला नाही त्याचे पत्ते त्याच्यावर प्रेम करणाऱ्यांनी लिहिले. मराठी गद्याच्या आरंभीच्या काळात अशी एक पत्त्यांची वही असावी, ही गोष्ट आम्ही इतकी वर्षे केवळ स्थलवर्णनाचा ग्रंथ म्हणून शिकवीत आलो; ती कुणासाठी, कुठल्या गरजेतून लिहिली गेली असेल, हे आता विद्यार्थ्यांना विचारायचे आहे.

तर निवड अशी झाली. नऊ लाखांची गाडी घ्यायची नाही. कोडोलीत दोन खोल्या अकरा महिन्यांच्या करारावर घेतल्या आहेत. करार दर वर्षी नव्याने करावा लागेल, पण मालकांनी दारावर टपालाची पेटी बसवायला परवानगी दिली आहे. पुस्तके तिथे राहतील. सुट्टीत बीड-पाथर्डीच्या बाजूला जाऊन जात्यावरच्या आणि फडातल्या ओव्या ऐकायचे आमचे जुने काम आहे, त्यासाठी एक लहान, वापरलेली बंद व्हॅन पाहत आहोत. तिच्यात दोन माणसे झोपतील, वीस लिटर पाणी मावेल, आणि एक घडीचे शौचालय असेल. पुस्तके एका खोक्यापेक्षा अधिक न्यायची नाहीत असे ठरले आहे. कुठले खोके, यावर मात्र अजून एकमत नाही.

पेटीवर आमच्या दोघांच्या नावांखाली तिसऱ्या नावासाठी जागा ठेवली आहे. ती मुलगी यंदा तिसऱ्या वर्षाला आहे आणि आईची तब्येत अजून नीट नाही, असे मामांकडून कळले. दिवाळी झाली की गाड्या येतील. त्याआधी व्हॅन बघायची आहे. मामांनी सांगितल्याप्रमाणे, बैल बघून.